मराठी वाक्यांत समांतर रचना कशी सांभाळावी: सूचना, ठराव आणि अर्ज लिहिणाऱ्यांसाठी

'सभासदांनी ओला व सुका कचरा वेगळा करावा, जिन्यात चपला ठेवू नका, वाहने आखलेल्या जागेतच लावणे आणि पाण्याचा अपव्यय टाळण्यात यावा.'

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर लावण्यापूर्वी असे कागद माझ्याकडे नेहमी तपासायला येतात. वरच्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही वाचताना प्रत्येक स्वल्पविरामाशी ठेच लागते, कारण चार सूचना चार वेगवेगळ्या आवाजांत बोलतात. पहिली अपेक्षा व्यक्त करते, दुसरी समोर उभी राहून बजावते, तिसरी यादीतल्या टिपणासारखी आहे आणि चौथी परिपत्रकातून उचलून आणल्यासारखी वाटते. मराठी लेखनाचे १८ नियम (१९६२ साली ठरलेले १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४) ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि शब्दांची रूपे यांची काळजी घेतात. वाक्याचे भाग एकमेकांशी कसे जुळवावेत, हे ते सांगत नाहीत. त्यामुळे मजकूर 'शुद्ध' करून देणाऱ्याच्या हातूनही हा दोष सहज सुटतो.

एका वाक्यात किंवा एका यादीत बरोबरीच्या नात्याने आलेले घटक व्याकरणदृष्ट्या एकाच रूपात ठेवणे, याला समांतर रचना म्हणतात. इंग्रजी लिहिताना अनेकांनी हा नियम शिकलेला असतो, पण तो जसाच्या तसा मराठीला लावला की फसगत होते. इंग्रजीत 'टू', 'इन', 'फॉर' यांसारखे शब्द घटकाच्या आधी येतात, म्हणून तिथे जुळणी पुष्कळदा घटकाच्या तोंडाशी पाहायची असते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय, शब्दयोगी अव्यय आणि क्रियापद हे सगळे मागाहून येतात. म्हणून मराठी वाक्य तपासताना नजर प्रत्येक घटकाच्या शेवटावर ठेवावी लागते. पुढचे सर्व टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

## तयारी

मजकूर पूर्ण लिहून झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. लिहिता लिहिता रचना जुळवू पाहणाऱ्याच्या हातून मुद्दे सुटतात. शक्य असल्यास मजकूर दोन ओळींत मोकळी जागा सोडून छापून घ्यावा आणि पेन्सिल जवळ ठेवावी, कारण पडद्यावर वाचताना डोळा ओळीच्या शेवटापर्यंत न थांबता पुढे सरकतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवाव्यात. हा मजकूर कोण कोणाला उद्देशून लिहीत आहे, ही पहिली गोष्ट. संस्था सभासदांना, अर्जदार अधिकाऱ्याला की सभा आपल्याच कार्यकारिणीला, यावर क्रियापदांचे रूप ठरते. दुसरी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्याने नेमके काय करायचे आहे. हे ठरलेले नसेल, तर पुढे कितीही रूपे जुळवली तरी मजकूर दिशाहीनच राहतो.

## टप्पा १: सांधे शोधणे

मजकुरातील 'आणि', 'व', 'किंवा', 'अथवा', 'पण', 'परंतु', 'तसेच', 'शिवाय' या शब्दांभोवती गोल करावा. घटक वेगळे करणाऱ्या स्वल्पविरामांवर खूण करावी. 'केवळ … नव्हे, तर', 'एक तर … नाहीतर', 'जितका … तितका' अशा जोड्यांचे दोन्ही अर्धे रेघेने जोडावेत. 'पेक्षा' दिसला की तोही सांधाच समजावा. समांतर रचनेचे बहुतेक सगळे दोष या खुणांच्या आसपासच सापडतात, म्हणून उरलेला मजकूर तूर्त बाजूला ठेवता येतो.

सावधान: 'तसेच' या शब्दावर विशेष लक्ष ठेवावे. विषय संपला आणि आणखी काही आठवले की पुष्कळ जण 'तसेच' लिहून काहीही जोडतात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग खरोखर बरोबरीचे आहेत का, हे विचारून पाहावे. नसतील तर पूर्णविराम द्यावा.

## टप्पा २: घटक एकाखाली एक उतरवणे

हा टप्पा वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि तो वगळला की पुढचे सगळे अंदाजाने होते. एक वाक्य घेऊ:

'नव्या टाकीमुळे पाण्याचा दाब वाढेल, गळती थांबणे आणि वीजबिलात बचत होईल.'

यातला सामाईक भाग 'नव्या टाकीमुळे' हा आहे. उरलेले घटक असे उतरवावेत:

पाण्याचा दाब वाढेल
गळती थांबणे
वीजबिलात बचत होईल

आता सामाईक भाग प्रत्येकाला स्वतंत्रपणे लावून वाचावा. 'नव्या टाकीमुळे पाण्याचा दाब वाढेल' हे पूर्ण वाक्य आहे. 'नव्या टाकीमुळे गळती थांबणे' हे मात्र अधांतरी राहते. दोष कुठे आहे हे यावरून कळते आणि दुरुस्तीही तिथेच मिळते: 'गळती थांबेल'.

मराठीत सामाईक भाग बहुतेक वेळा शेवटी येतो आणि तिथे चूक लपून राहते. 'समितीचे काम हिशेब तपासणे, दुरुस्तीची देखरेख आणि सभासदांच्या तक्रारी ऐकून घेण्याचे आहे' हे वाक्य बोलताना खपून जाते. उतरवून काढले की 'तपासणे', 'देखरेख' आणि 'घेण्याचे' असे तीन वेगळे शेवट समोर येतात. दुरुस्त वाक्य असे होईल: 'हिशेब तपासणे, दुरुस्तीवर देखरेख ठेवणे आणि सभासदांच्या तक्रारी ऐकून घेणे ही समितीची कामे आहेत.' घटक आधी आणि 'ही', 'हे' किंवा 'या' असा गोळा करणारा शब्द नंतर, ही मराठीची आपली घडण आहे. लांब यादी सावरायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

पडताळणी: उतरवलेले घटक खरोखर एका पंगतीचे आहेत का? 'सभा ११ वाजता सुरू झाली, अध्यक्षांनी प्रास्ताविक केले आणि बाहेर पाऊस होता' यातला पाऊस ही सभेतील घटना नाही. तो कमी उपस्थितीचे कारण असेल तर 'पावसामुळे उपस्थिती कमी होती' असे वेगळे वाक्य करावे. बरोबरीचे नसलेले भाग ओढूनताणून एका रूपात बसवणे, हाही दोषच आहे.

## टप्पा ३: शेवट जुळवणे

उतरवलेल्या प्रत्येक घटकाच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारावी आणि नुसते तेवढेच शब्द वाचावेत. एका घटकाचा शेवट नाम, दुसऱ्याचा 'णे' आणि तिसऱ्याचा 'ण्यासाठी' असा असेल, तर त्यांतले एक रूप निवडून बाकीचे त्याच्याकडे वळवावे.

कोणते निवडावे? 'तपासणी, देखरेख, निवारण' अशी नामांची मालिका भारदस्त दिसते, पण कोण काय करणार हे तिच्यातून पुसट होते. काम सांगायचे असेल तेव्हा मी 'तपासणे, देखरेख ठेवणे, तक्रारी सोडवणे' यालाच पसंती देतो.

हेतू सांगताना घोटाळा अधिक होतो. 'रस्ता रुंद करण्यासाठी, दिवे बसवणे आणि गटार साफ व्हावे म्हणून निधी मागण्यात आला' अशी वाक्ये ठरावांत सर्रास आढळतात. याला दोन मार्ग आहेत. एक तर तिन्ही ठिकाणी 'ण्यासाठी' ठेवावे: 'रस्ता रुंद करण्यासाठी, दिवे बसवण्यासाठी आणि गटार साफ करण्यासाठी'. किंवा तिन्ही ठिकाणी 'णे' ठेवून शेवटी गोळा करावे: 'रस्ता रुंद करणे, दिवे बसवणे आणि गटार साफ करणे या कामांसाठी'. घटक तीनपेक्षा जास्त असतील तर दुसरा मार्ग वाचायला हलका जातो.

क्रमाने करायच्या कृतींना 'ऊन' हे रूप असते. 'अर्ज भरून, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात व खिडकी क्रमांक ३ वर देऊन पावती घ्यावी' यात मधली कृती रूप बदलून उभी आहे. 'अर्ज भरून, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन आणि तो खिडकी क्रमांक ३ वर देऊन पावती घ्यावी' असे केल्यावर शेवटची कृती मुख्य क्रियापदाला मिळते आणि आधीच्या सगळ्या 'ऊन'वर थांबतात.

सावधान: 'ऊन' लावलेल्या कृती आणि मुख्य कृती एकाच माणसाच्या असाव्यात. 'अर्ज भरून लिपिक तो तपासतील' या वाक्यात अर्ज भरणारा कोण आणि तपासणारा कोण, याची गल्लत होते. अर्जदाराचे एक वाक्य आणि लिपिकाचे दुसरे वाक्य करावे.

घरांच्या जाहिरातींत दिसणारा एक दोषही इथलाच आहे: 'खोली मोठी, हवेशीर आणि भरपूर उजेड आहे.' 'खोली मोठी आहे' ठीक, 'खोली हवेशीर आहे' ठीक, पण 'खोली भरपूर उजेड आहे' होत नाही. दोन विशेषणांच्या रांगेत नाम येऊन उभे राहिले आहे. 'खोली मोठी व हवेशीर आहे आणि तिच्यात भरपूर उजेड येतो' असे वेगळे क्रियापद द्यावे.

## टप्पा ४: प्रत्यय प्रत्येकाला की शेवटी एकदाच

'पुण्याला, नाशिक आणि नागपूरला पत्रे पाठवली.' पहिल्या आणि तिसऱ्या गावाला 'ला' आहे, मधल्याला नाही. बोलताना आपण 'पुणे, नाशिक आणि नागपूरला' असेही म्हणतो, पण लेखनात तेही टाळावे. त्याचे कारण मराठीच्या स्वभावात आहे. प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते, 'पुणे'चे 'पुण्या' होते, त्यामुळे शेवटच्या शब्दाला लावलेला प्रत्यय मागच्या शब्दांपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून दोनच मार्ग आहेत. प्रत्येकाला प्रत्यय द्यावा: 'पुण्याला, नाशिकला आणि नागपूरला'. नाहीतर सगळे शब्द मूळ रूपात ठेवून शेवटी 'यांना', 'यांनी', 'यांचा', 'या शहरांना' असा गोळा करणारा शब्द द्यावा. 'सभासदांच्या सूचना, तक्रारी आणि हरकतींचा विचार झाला' हे वाक्य या कसोटीवर उतरत नाही. 'सूचना, तक्रारी आणि हरकती यांचा विचार झाला' हे उतरते.

संविधानाच्या उद्देशिकेचा मराठी पाठ महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीलाच छापलेला असतो. तो या दृष्टीने एकदा सावकाश वाचावा. 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' यात पाच नामे मूळ रूपात आहेत आणि शेवटी एकच 'यांचे' आहे. लगेच पुढे 'दर्जाची व संधीची समानता' यात दोन्ही नामांना स्वतःचा प्रत्यय आहे. दोन्ही पद्धती एकाच वाक्यात आल्या आहेत, पण एकाच गटात त्यांची सरमिसळ झालेली नाही. ते संपूर्ण दीर्घ वाक्य तीन शेवटांवर तोललेले आहे: 'घडविण्याचा', 'प्राप्त करून देण्याचा' आणि 'प्रवर्धित करण्याचा'. तिन्ही जाऊन 'निर्धार' या एका शब्दाला मिळतात. इतके लांब वाक्य असूनही ते कोसळत नाही, याचे श्रेय मी या तीन 'ण्याचा'ला देतो.

त्याच पाठात 'व' आणि 'आणि' यांचा आणखी एक उपयोग दिसतो. 'व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता' यात बाहेरची जोडी 'व'ने आणि आतली जोडी 'आणि'ने बांधली आहे. कार्यालयीन मराठीत अनेकदा याच्या उलट वाटणी असते, जसे 'जन्माचा व वास्तव्याचा दाखला आणि दोन छायाचित्रे'. कोणता शब्द आत आणि कोणता बाहेर, याचा ठाम नियम नाही. दोन पातळ्यांना दोन वेगळे शब्द दिले, की वाचणाऱ्याला गट ओळखता येतात.

शब्दयोगी अव्ययांबाबत एक सवय मुद्दाम मोडावी लागते. निबंध लिहिताना 'तोच शब्द पुन्हा वापरू नका' असे आपल्याला शिकवले गेले. त्यामुळे इतिवृत्तात 'पाणीपुरवठ्याविषयी, वाहनतळाबद्दल आणि सुरक्षेच्या संदर्भात चर्चा झाली' असे लिहिले जाते. वाचणारा मात्र या तीन शब्दांत काही फरक असेल म्हणून शोधत राहतो. 'पाणीपुरवठा, वाहनतळ आणि सुरक्षा या विषयांवर चर्चा झाली' हे साधे आणि नेमके आहे. कामकाजाच्या लेखनात एकाच नात्यासाठी एकच शब्द पुन्हा येणे हा गुण आहे.

पडताळणी: यादीतील घटकांचा क्रम उलटा करून वाक्य वाचावे. 'नागपूर, नाशिक आणि पुण्याला' असे काही निघाले, तर प्रत्ययांची वाटणी चुकलेली आहे.

## टप्पा ५: सूचनांचे क्रियारूप एकच ठेवणे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. सूचना देण्याची मराठीत चार प्रचलित रूपे आहेत आणि प्रत्येकाचा नकार ठरलेला आहे.

'वाहने लावा' याचा नकार 'लावू नका'.
'वाहने लावावीत' याचा नकार 'लावू नयेत'.
'वाहने लावणे' याचा नकार 'न लावणे'.
'वाहने लावण्यात यावीत' याचा नकार 'लावण्यात येऊ नयेत'.

एका कागदावर यांतली एकच ओळ निवडावी, होकारासाठीही आणि नकारासाठीही. सुरुवातीला दिलेल्या सूचनेत चारही ओळी मिसळल्या आहेत. त्यातही 'सभासदांनी … ठेवू नका' हा सांधा सर्वांत कमकुवत आहे, कारण 'नका' हे 'तुम्ही'ला उद्देशून असते. वाक्याची सुरुवात 'सभासदांनी' अशी झाली, की शेवट 'नये' किंवा 'नयेत' असाच हवा.

निवड करताना माझे मत असे आहे: सभासद, पालक, प्रवासी, रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठीच्या सूचनांना 'लावा' किंवा 'लावावीत' योग्य. 'ण्यात यावे' हे रूप कार्यालयाने किंवा समितीने करायच्या कामांपुरते, म्हणजे आदेश आणि ठराव यांपुरते राखावे, कारण त्यात काम करणारा दिसत नाही. 'पाण्याचा अपव्यय टाळण्यात यावा' असे वाचल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. समांतर म्हणजे अक्षरशः सारखे नव्हे. 'वा'चे रूप कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: कचरा वेगळा करावा, चप्पल बाहेर काढावी, वाहन आत लावावे, अर्ज वेळेत द्यावेत, गाड्या आखणीत लावाव्यात, झाडे जपावीत. ही सहा रूपे दिसायला वेगळी असली तरी एकाच घराण्यातली आहेत, म्हणून यादी समांतरच आहे. रूपे सारखी दिसावीत या आग्रहापायी 'गाडी लावावे' आणि 'चप्पल काढावे' असे लिहिणारे पुष्कळ आहेत. तसे केल्याने एक दोष निघतो आणि दुसरा शिरतो.

सुरुवातीची सूचना आता अशी होईल:

'सभासदांनी ओला व सुका कचरा वेगळा करावा, जिन्यात चपला ठेवू नयेत, वाहने आखलेल्या जागेतच लावावीत आणि पाण्याचा अपव्यय टाळावा.'

क्रमांक घातलेल्या यादीत आणखी एक तपासणी लागते. वरचे शीर्षवाक्य प्रत्येक क्रमांकाला लागू झाले पाहिजे. 'अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत: १. शिधापत्रिकेची प्रत, २. आधार कार्डाची प्रत, ३. अर्ज निळ्या शाईने भरावा, ४. दोन छायाचित्रे.' तिसऱ्या क्रमांकावर कागदपत्र नाही, कृती आहे. ती यादीबाहेर काढून स्वतंत्र सूचना करावी. अशा यादीत कागद मोजून घेणाऱ्या अर्जदाराला चार क्रमांक दिसतात आणि हातात तीनच गोष्टी येतात. मग तो खिडकीवर येऊन 'चौथे काय राहिले?' असे विचारतो.

सावधान: यादीत वेगवेगळ्या लिंगांची नामे असून क्रियापद एकच असेल, तर ते शेवटच्या नामाप्रमाणे चालते: 'एक अर्ज, एक पावती आणि दोन छायाचित्रे जोडावीत.' नंतर कोणी यादीचा क्रम बदलला की क्रियापद चुकते. हा धोका नको असेल तर 'ही सर्व कागदपत्रे जोडावीत' असा शेवट करावा. मग वरचा क्रम कसाही बदलला तरी चालतो.

## टप्पा ६: कर्त्याचे रूप प्रत्येक क्रियापदाशी जुळवणे

हा दोष मराठीचा खास आहे. इंग्रजीच्या पुस्तकांतून समांतर रचना शिकलेल्यांना तो ओळखता येत नाही.

'सचिवांनी अहवाल वाचला, प्रश्नांना उत्तरे दिली आणि सभागृहातून निघून गेले.'

भूतकाळात 'वाचणे', 'देणे' अशी सकर्मक क्रियापदे कर्त्याला 'नी' मागतात, तर 'जाणे', 'येणे', 'बसणे' अशी अकर्मक क्रियापदे कर्ता मूळ रूपात मागतात. टप्पा २ मधली कसोटी लावली तर 'सचिवांनी निघून गेले' असे निघते आणि चूक उघडी पडते. शेवटच्या भागाला स्वतःचा कर्ता द्यावा: 'आणि ते सभागृहातून निघून गेले'. किंवा आधीच्या दोन कृती 'ऊन'वर आणाव्यात: 'अहवाल वाचून व प्रश्नांना उत्तरे देऊन सचिव सभागृहातून निघून गेले.' दुसरे वाक्य जास्त घट्ट आहे. मात्र उत्तरे देणे हाच महत्त्वाचा मुद्दा असेल तर पहिले घ्यावे, कारण 'ऊन'मध्ये गेलेली कृती दुय्यम होते.

ही चूक कानाला का खटकत नाही? आपण दिवसभर स्वतःविषयी बोलतो आणि 'मी' दोन्हीकडे तसाच राहतो: 'मी अर्ज भरला आणि रांगेत उभा राहिलो.' हे वाक्य निर्दोष आहे. त्याच चालीवर 'त्याने अर्ज भरला आणि रांगेत उभा राहिला' लिहिले जाते, आणि तिथे 'तो' गळालेला असतो. म्हणून 'मी'चे वाक्य 'तो'मध्ये किंवा 'अर्जदार'मध्ये बदलताना प्रत्येक क्रियापद पुन्हा तपासावे.

'विसरणे', 'शिकणे', 'म्हणणे', 'बोलणे' ही क्रियापदे इथे फसवतात. त्यांना कर्म असू शकते, तरी भूतकाळात ती 'ने' घेत नाहीत. 'तिने किल्ली घेतली पण कुलूप विसरली' यात 'पण ती कुलूप विसरली' असे हवे.

'ला' घेणारे कर्तेही असेच तपासावेत. नोकरीच्या अर्जात 'उमेदवाराला संगणक वापरता येतो, मराठी टंकलेखन जाणतो आणि तीन वर्षांचा अनुभव आहे' असे लिहिलेले असते. मधल्या घटकाला 'उमेदवाराला' लागत नाही. 'उमेदवाराला संगणक वापरता येतो, मराठी टंकलेखन येते आणि तीन वर्षांचा अनुभव आहे' असे केले, की तिन्ही घटक एकाच कर्त्यावर विसावतात.

पडताळणी: प्रत्येक क्रियापदापुढे 'कोण?' किंवा 'कोणी?' असा प्रश्न विचारावा. एका क्रियापदाला 'कोण' आणि दुसऱ्याला 'कोणी' लागत असेल, तर कर्ता पुन्हा लिहावा.

## टप्पा ७: जोडीने येणारे शब्द योग्य जागी बसवणे

'केवळ … नव्हे, तर …ही' या जोडीत 'केवळ'नंतर जे येते, त्याच जातीचे 'तर'नंतर यायला हवे. 'समितीने केवळ रंगकामच नव्हे, तर गळतीची दुरुस्तीही मंजूर केली' यात दोन्हीकडे नाम आहे. 'समितीने खर्च केवळ मंजूरच केला नाही, तर वेळेत दिलाही' यात दोन्हीकडे क्रिया आहे. 'समितीने केवळ रंगकामच नव्हे, तर गळतीही दुरुस्त केली' यात पहिल्या बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला बिघाड आहे. शिवाय क्रियापद दुसऱ्यालाच लागते, त्यामुळे रंगकामाचे काय झाले ते कळत नाही. नामांना नाकारताना 'नव्हे' आणि क्रियेला नाकारताना 'नाही', हा भेदही पाळावा. 'च' आणि 'ही' ज्या शब्दावर जोर द्यायचा, त्यालाच चिकटवावेत.

'एक तर'चे स्थान असेच महत्त्वाचे आहे. 'एक तर थकबाकी रोख भरावी किंवा धनादेशाने' यापेक्षा 'थकबाकी एक तर रोख किंवा धनादेशाने भरावी' अधिक नेमके, कारण निवड फक्त भरण्याच्या रीतीची आहे. 'जितका–तितका' आणि 'जसजसे–तसतसे' यांत मात्र बहुतेकांची चूक होत नाही; दोन्ही अर्धे जागेवर आहेत एवढे पाहिले तरी पुरते.

## टप्पा ८: तुलना सारख्यांची करणे

'या वर्षीचे पाणीपट्टीचे बिल गेल्या वर्षापेक्षा जास्त आले.' बिलाची तुलना वर्षाशी झाली आहे. 'गेल्या वर्षीच्या बिलापेक्षा' किंवा थोडक्यात 'गेल्या वर्षीच्यापेक्षा' असे लिहावे. 'आमच्या इमारतीची गच्ची शेजारच्या इमारतीपेक्षा मोठी आहे' हेही असेच दुरुस्त होते: 'शेजारच्या इमारतीच्या गच्चीपेक्षा'. बोलताना हे सगळे समजून घेतले जाते. दरपत्रके आणि हिशेबाच्या टिपांमध्ये मात्र यावरून वाद होतात, म्हणून तिथे सवलत घेऊ नये.

## टप्पा ९: मोठ्याने वाचणे आणि दुसऱ्याकडून वाचून घेणे

दुरुस्त मजकूर त्याच दिवशी दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात फक्त घटकांचे शेवट मोठ्याने म्हणावेत, मधला मजकूर सोडून द्यावा. दुसऱ्या वाचनात पूर्ण मजकूर वाचावा आणि जिथे श्वास अडखळतो तिथे खूण करावी. त्यानंतर ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा व्यक्तीला तो वाचायला द्यावा. ती व्यक्ती एखादे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचू लागली, तर ते वाक्य टप्पा २ पासून पुन्हा तपासावे.

सरावासाठी इतिवृत्तातले एक वाक्य सर्व टप्प्यांतून नेऊन पाहू:

'अध्यक्षांनी, सचिव व खजिनदार यांनी जागेची पाहणी करून, कंत्राटदाराशी चर्चा झाली, दर कमी करण्याबाबत आणि काम लवकर संपावे यासाठी सांगितले व परत आले.'

सांधे सहा आहेत: 'अध्यक्षांनी'नंतरचा स्वल्पविराम, 'यांनी'च्या आधीचा 'व', 'पाहणी करून' आणि 'चर्चा झाली' यांच्यानंतरचे स्वल्पविराम, 'आणि' आणि शेवटचा 'व'. 'अध्यक्षांनी' हा प्रत्ययासह आणि बाकीचे दोघे मूळ रूपात आहेत, म्हणून 'अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी' असे करावे लागेल. 'चर्चा झाली' याचा कर्ता 'चर्चा' आहे, तो तिघांना लागत नाही, म्हणून 'चर्चा केली'. 'कमी करण्याबाबत' आणि 'संपावे यासाठी' या दोन मागण्या एका रूपात हव्यात, म्हणून 'दर कमी करण्यास व काम लवकर संपवण्यास सांगितले'. 'यांनी परत आले' होत नाही, म्हणून शेवटी 'ते'. पाहणी, चर्चा आणि सांगणे या तिन्ही कृती महत्त्वाच्या आहेत, त्यामुळे त्या 'ऊन'मध्ये न दडपता सरळ ठेवल्या:

'अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी जागेची पाहणी केली, कंत्राटदाराशी चर्चा केली आणि त्याला दर कमी करण्यास व काम लवकर संपवण्यास सांगितले. त्यानंतर ते परत आले.'

शेवटचे वाक्य इतिवृत्तात ठेवण्याची गरज आहे का, हा प्रश्न रचना जुळवल्यावरच पडतो. मी ते काढून टाकले.